गेन साडेसातवर

आमच्या बॅन्डचे किस्से म्हणजे प्रॅक्टिसच्या खोलीतल्या वायरी आहेत. ठेवताना प्रत्येक वायर नीट गुंडाळून ठेवलेली असते. पण एक ओढायला जावं, तर सगळा गुंता हातात येतो आणि त्याच्या शेवटच्या टोकाला हमखास तो ॲम्प लटकत असतो! परवा फ्रान्सिसच्या मुलीच्या साखरपुड्यात मी एकच किस्सा सांगायला उभा राहिलो. जेवणाची पंगत उठली तरी माझं चालूच. बायकोने शेवटी माईक काढून घेतला. उरलेले इथे सांगतो. यातलं खरं किती, ते विचारू नका. ॲम्पचं वजन तेवढं शंभर टक्के खरं. माझी कंबर साक्षीला आहे.

बॅन्ड हा शब्दही जरा मोठाच. माणसं तीन. बापू गिटार वाजवायचा आणि गायचा. गायचा, हे तो सांगायचा म्हणून आम्हाला कळायचं; गिटारपुढे ऐकू काही यायचं नाही. शरणपूरचा फ्रान्सिस ड्रमवर. आणि मी बेसवर, कारण त्याला चारच तारा असतात आणि माझ्या डोक्यात तेवढ्याच मावत होत्या. बॅन्डचं नाव चार वेळा बदललं, म्हणून ते सांगत नाही.

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा. आमचा व्हॉल्व्हचा होता. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, तसल्याच नळ्या. तापल्या की आत नारिंगी उजेड दिसायचा. शिवाय तो 'हाय गेन'. म्हणजे गेनचं बटण जसजसं वर न्यावं, तसतसा आवाज गुरगुरणार, मग डरकाळी फोडणार. निदान परदेशी बॅन्डच्या कॅसेटमध्ये तरी तसं ऐकू यायचं.

* * *

अठ्ठ्याण्णव साल असेल. मुंबईत हॉटेलात वाजवणारा एक गिटारिस्ट गोव्याला कायमचा चालला होता. त्याचा ॲम्प बापूने घेतला. आता तो नाशकात आणायचा कसा? तर बापूचे वडील, म्हणजे नाना, मखमलाबादला फुलांची शेती करायचे. झेंडू, शेवंती, गुलछडी. त्यांची फुलं दादरला जायची आणि टेम्पो रिकामा परत यायचा. त्या टेम्पोत, फुलांच्या रिकाम्या कॅरेटांच्या मधोमध, आमचा ॲम्प आला.

टेम्पोवाला सटाण्याकडचा. एका बाजूने उचलताना त्याचा चेहरा लाल झाला.

"भाऊ, यामा काय शे? दगडं भरेल शेतस का?"

"संगीत आहे!" फ्रान्सिस म्हणाला.

"मंग येवढं जड कशाला लागस?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुढची दहा वर्षं सापडलं नाही.

झेंडूच्या पाकळ्या ॲम्पच्या जाळीत अशा अडकल्या होत्या, की तो तापला की भाजलेल्या झेंडूचा वास सुटायचा. जगातल्या मोठमोठ्या गिटारिस्टांचे ॲम्प असतील भारी. पण झेंडूचा वास येणारा एकच, आमचा!

मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे फुलं भरायचे, तिथे आम्ही तो लावला. नाना एका कॅरेटवर येऊन बसले. इथे नानांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. खडखडाट या माणसाला सहनच व्हायचा नाही. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम मूठभर काळी रबरं असायची. ठिबकच्या नळीला बसवतात ती, गोल, अंगठीएवढी. दाराची कडी वाजतेय? घाल रबर. सायकलचा मडगार्ड वाजतोय? घाल रबर. शेजारच्या शाळेतला पंखा कुरकुरायचा, तर नाना पालकसभेत उठून स्टुलावर चढले होते!

अशा माणसापुढे बापूने सगळी बटणं दहावर नेली आणि गिटारवर हात मारला.

पत्रे थरथरले. गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. नाना उठले, टोपी नीट केली आणि वाफ्यांकडे चालते झाले. अर्ध्या तासाने परत आले.

"बापू, दसऱ्यापर्यंत बघतो. या डब्यापुढं मी येक गाणं संपेस्तोवर बसून राहिलो, तर तो तुझा. नाय तर दसऱ्याला दादरची गाडी जानारच हाय. आला तसा जाईल."

ॲम्प जाणार, ही भीती बापूला होतीच. पण मला माहीत आहे, त्याला लागलं ते वेगळंच. शेवंतीचं एकेक रोप नाना तासभर न्याहाळत बसायचे. पोराच्या गिटारला चार सेकंद दिले होते. फ्रान्सिसने मोजले होते.

* * *

मग टोन सुधारायचं वेड लागलं. आवाज कसा येत होता म्हणाल, तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशा कोंडल्यासारखा. नाशकात तेव्हा व्हॉल्व्ह कळणारा माणूस एकच उरला होता. रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीतले रशीदचाचा. रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मूळचे मालेगावचे, वडील यंत्रमागावर कापड विणायचे. चाचा म्हणायचे, "मी पाळण्यात अंगाई नाही ऐकली. दोनशे माग ऐकले."

आम्ही ॲम्प ठेवून आलो. सांगितलं एवढंच, "चाचा, आवाज नीट करून द्या."

आठवड्याने गेलो. चाचा खुशीत होते. त्यांनी ॲम्पला चक्क रेडिओ जोडला होता आणि त्यातून मराठी बातम्या चालल्या होत्या. काय तो आवाज! निवेदिका शेजारी बसून बोलतेय असं वाटावं.

"बेटा, लई फाटत होता आवाज. एक आख्खा व्हॉल्व्ह नुसतं फाडायचंच काम करत होता. त्याला बाहेर बसवला. आता ऐक, एकदम साफ!"

हाय गेन ॲम्पमधला गेनच चाचांनी दुरुस्त करून टाकला होता!

बापूचा चेहरा बघवेना. धीर करून तो म्हणाला, "चाचा... परत फाडता का?"

चाचांनी चष्मा काढला. "चाळीस साल झाले दुकानाला. खराब करून द्या म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक तू!"

मग बापूने खिशातून कॅसेट काढली. चाचांनी ती लावली, डोळे मिटले आणि अख्खी बाजू ऐकली. मधे एका गिऱ्हाइकाला हातानेच परत पाठवलं. बाजू संपली तेव्हा म्हणाले,

"हे फाटलेलं नाही. हे फाडलेलं आहे. दोन्हीत फरक असतो. आधी का नाही सांगितलं?"

* * *

चाचांनी व्हॉल्व्ह परत जोडला आणि एका कागदावर मोठ्ठा आकडा लिहून बापूच्या हातात दिला. 'चार.'

"गेन चारवर ठेव. चारच्या पुढं सगळे धागे एकमेकांत अडकतात. कापड दिसत नाही, नुसता गुंता दिसतो."

"चारवर?" बाहेर आल्यावर बापू भडकला. "चारवर ठेवायला हाय गेन कशाला घेतलाय? चारवर तर शाळेत प्रार्थना म्हणतात!"

तिथून आमच्यात जी भांडणं सुरू झाली, तेवढी नंतर लग्नाच्या यादीवरूनही झाली नाहीत. बापू म्हणायचा नऊ. फ्रान्सिस म्हणायचा सहा. मी म्हणायचो, "मला काही फरक कळत नाही," आणि मग दोघं मिळून मला शिव्या द्यायचे. फ्रान्सिसने बहिणीचं नेलपॉलिश आणून सहावर लाल ठिपका लावला. बापूने तो रॉकेलने पुसला. शेवटी तह झाला, साडेसातवर. मग बापूची एक पद्धतच पडली. आधी सातवर वाजवायचं, मग बटण केसभर पुढे सरकवून साडेसातवर वाजवायचं, आणि आमच्याकडे विजयी मुद्रेने बघून म्हणायचं,

"आता उघडला बघ!"

नाना मात्र दर वेळी उठून जात होते. प्रगती एवढीच, की चार सेकंदांचे अकरा सेकंद झाले होते.

* * *

एका दुपारी काय झालं कोण जाणे, ॲम्पमधून असला काही आवाज आला, की फ्रान्सिसच्या हातातली काठी थांबली. गोड, दाट, सायीसारखा. बटणं होती तिथेच. पंधरा मिनिटांनी तो आवाज गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत गेला.

आम्ही चार दिवस वहीत नोंदी केल्या. हवा, ऊन, बापूने काय खाल्लं, सगळं. पाचव्या दिवशी उलगडा झाला. शेजारच्या मळ्यातले तुकाराम काका विहिरीवरची मोटर लावायचे. ती लागली की आमच्या लायनीचं व्होल्टेज पडायचं. आणि व्होल्टेज पडलं की व्हॉल्व्ह दमायचे, आवाज मऊ व्हायचा!

झालं. बापू रोज तुकाराम काकांच्या बांधावर.

"काका, जरा मोटर लावता का?"

"अरे, कालच भरणं झालं!"

"लावा ना काका. एकच गाणं."

चार दिवस काकांनी पोराच्या हट्टापायी मोटर लावली. पाचव्या दिवशी स्वतःच शेडमध्ये आले, चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेले.

"बापू, तुझा सूर लागला का नाय ते सांग. माझी मेथी वाहून चालली!"

मी म्हटलं, आपण व्होल्टेज नीट करायला फ्रीजचा स्टॅबिलायझर आणू. आणला. व्होल्टेज असं नीट झालं, की गांधीलमाशा परत आल्या. त्यानंतर तांत्रिक बाबतीत माझं मत कुणी विचारलं नाही.

* * *

गणपती आले. मंडळाने आम्हाला संध्याकाळी अर्धा तास दिला. वेळ कुठली, तर महिलांची संगीत खुर्ची आणि बक्षीस समारंभ यांच्या मधली. बापूने नानांना सांगितलं, "या." नाना म्हणाले, "बघू." दसऱ्याच्या आधी त्यांना बसवायची ही शेवटची संधी, हे आम्हाला कळत होतं. एकदा का झेंडूची मोठी तोडणी लागली, की नानांना श्वास घ्यायला वेळ नसायचा.

आणि नेमका कार्यक्रमाच्या आठवड्यात ॲम्प किंचाळायला लागला. शेडमध्ये कुणी पाय आपटला की डब्यातून घंटेसारखा 'टण्ण' आवाज यायचा आणि मग शिट्टी. फ्रान्सिस ड्रमवर बसला की ती थांबायचीच नाही. चाचांना विचारलं, तर म्हणाले, "व्हॉल्व्ह जुने झाले. आतली तार हलते, थरथरते. नवे आता मिळत नाहीत. काय करायचं, बघू."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी नाना फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजाराला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "तो डबा टाका गाडीत. जातोच हाय मी, त्या तुमच्या मेकॅनिककडं सोडतो."

बापू माझ्या कानात कुजबुजला, "थेट दादरला तर नाही ना नेणार?"

नाना नेहमी अकराला परत यायचे. त्या दिवशी चार वाजले. ॲम्प गाडीतच होता, दुरुस्त होऊन.

"एवढा उशीर?"

"ट्राफिक," नाना म्हणाले.

ट्रॅफिक! त्या काळात! नाशकात!

* * *

कार्यक्रमाचा दिवस. शेडमध्ये फुलांचा ढीग असला की आवाज गोड लागतो, हा बापूचा आणखी एक शोध होता. म्हणून आम्ही झेंडूची चार पोती स्टेजवर नेली आणि ॲम्पच्या तिन्ही बाजूंनी रचली. शिवाय आत मिणमिणणारे नारिंगी दिवे.

मी वायर आणायला खाली गेलो. परत येतो तर संगीत खुर्चीतून बाद झालेल्या बायकांची ॲम्पपुढे रांग! पहिलीने हळदकुंकू वाहिलं. दुसरीने नारळ ठेवला. तिसरी मला विचारते, "दादा, यांची आरती वेगळी की गणपतीबरोबरच?"

फ्रान्सिस गंभीरपणे म्हणाला, "बरोबरच, मावशी. पण आवाज मोठा येईल."

नाना आले. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले. कडेची खुर्ची म्हणजे उठून जायची तयारी. कुंकवाने लाल झालेलं बटण बापूने सातवर नेलं. मग केसभर पुढे. साडेसात. आणि हात मारला.

मित्रांनो, मी थापा मारतो, हे मान्य. पण ही मारत नाही. तो आवाज गुरगुरला, पण त्यातली एकेक तार वेगळी ऐकू येत होती. शिट्टी नाही, टण्ण नाही. त्या दिवशी प्रथमच बापूचं गाणंसुद्धा ऐकू आलं, आणि बेटा बरा गात होता!

मी बेस वाजवत नव्हतो, नानांकडे बघत होतो. अकरा सेकंद गेले. अर्धं मिनिट गेलं. नानांचा हात टोपीकडे गेला. म्हटलं, उठले आता. नानांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

तीन गाणी झाली. नाना हलले नाहीत. परतताना टेम्पोत ॲम्प चढवताना त्यांनीच एका बाजूने हात लावला. बोलले एवढंच,

"दसऱ्याच्या गाडीत जागा नाय. डबा राहू दे हितंच."

बापू टेम्पोच्या मागे जाऊन रडला. वर येऊन म्हणाला, "बघितलं? चाचा म्हणत होते चार. मी म्हणत होतो साडेसात!"

* * *

त्यानंतर आठ-नऊ वर्षं तो ॲम्प वाजला. कळवणपासून हरसूलपर्यंत कॉलेजांची गॅदरिंग्ज केली. सगळीकडे तेच. आधी सातवर, मग साडेसातवर, मग "आता उघडला बघ!" आणि खरंच उघडायचा. मी स्वतः ऐकलाय, शपथेवर सांगतो. बॅन्ड हळूहळू सुटला. फ्रान्सिस बँकेत लागला, मी हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागलो, बापूने मळा मोठा केला. चाचा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पण दिवाळीनंतर एक रविवार आम्ही शेडमध्ये जमायचो. नाना कोपऱ्यात खाटेवर बसून हार ओवायचे.

अशाच एका रविवारी ॲम्प सुरूच होईना. बापूने पुण्याहून रोहन नावाच्या एका तरुण इंजिनिअरला बोलावलं. असले ॲम्प दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही म्हणे. त्याने मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि एकेक नळी न्याहाळली.

"फ्यूज गेलाय, बाकी काही नाही. पण सर, हे काम कोणी केलंय?"

"का? बिघडवलंय?"

"नाही हो, फार सुंदर काम आहे. फक्त..." तो अडखळला. "गेनचं बटण कशालाच जोडलेलं नाहीये."

बापूने गिटार खाली ठेवली.

"म्हणजे?"

"म्हणजे आतून गेन पक्का करून टाकलाय, साधारण चारवर. बटण शून्यावर न्या, दहावर न्या, आवाजाला काही फरक नाही. किती वर्षं आहे असं?"

फ्रान्सिस ड्रमच्या मागून खाली घसरला. हसतोय की रडतोय, कळेना.

"आणि हे बघा," रोहन म्हणाला. "व्हॉल्व्ह थरथरू नयेत म्हणून प्रत्येकाला रबरी कडी घातलीय. परदेशात मिळतात अशा, पण या त्या नाहीत. या कसल्या आहेत?"

आम्ही वाकून बघितलं. काळ्या, गोल, अंगठीएवढ्या. ठिबकच्या नळीला बसवतात त्या. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन-दोन, नीट सारख्या अंतरावर.

बापूने हळूच मान वळवली. खाटेवर नाना सुईत झेंडू ओवत होते.

"नाना, गणपतीत त्या दिवशी चार वाजेपर्यंत तुम्ही रशीदचाचांच्या दुकानात होता?"

"कोन चाचा?" नानांनी मान वर केली नाही.

"जोडून देऊ का बटण, सर?" रोहनने विचारलं. "दहा मिनिटांचं काम आहे."

बापू त्या बटणाकडे बघत राहिला. त्याच्या एका बाजूला नेलपॉलिशचा पुसट लाल डाग अजून होता.

"नको," तो म्हणाला. "फ्यूज बदल आणि झाकण लाव."

नळ्या तापल्या. शेडमध्ये भाजलेल्या झेंडूचा वास सुटला. बापूने गेन सातवर ठेवला आणि एकदा हात मारला. मग बटण केसभर पुढे नेलं, साडेसातवर, आणि पुन्हा हात मारला.

"आता?" त्याने विचारलं. आम्हाला नव्हे, कोपऱ्यातल्या खाटेकडे बघून.

नानांनी दोऱ्याला गाठ मारली. डोकं जरा तिरकं करून आवाज विरेपर्यंत ऐकला.

"हां," ते म्हणाले. "आता उघडला."